खडीच्या रस्त्यावरची सायकल

शेगाव, संग्रामपूरकडचा आपला पूर्णाकाठ सपाट. चढ नाही, पण गावरस्त्यावर खडी फार. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. पोरगी एकदा पडली, की घरचे म्हणतात, "राहू दे शाळा." म्हणून पडण्याचं कारण समजून घेऊ.

सुटी खडी चाकाखालून सरकते. त्यात पुढचा ब्रेक एकदम दाबला, की चाक घसरतं. बैठकीला जाताना मी अशीच पडले होते. तेव्हा खडी दिसताच वेग कमी करा, मागचा ब्रेक हळूहळू दाबा, हँडल झटक्यात वळवू नका. चाकात हवा दगडासारखी टणक नको. थोडी कमी असली की टायर खडीवर नीट टेकतो. फार कमी झाली तर मात्र ट्यूब चिमटून पंक्चर होते. दप्तर हँडलला न लटकवता कॅरियरला बांधा.

पावसात काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक अडतं. उतरा, काडीनं माती काढा. पुलावरून पाणी वाहत असेल, तर परत फिरा.

पुढच्या बैठकीला मुलींना सायकलीसह बोलवा. ब्रेक तपासू, खडीवर सराव करून घेऊ.