कुत्री ‘अडली’ म्हणजे नेमकं काय? आधी व्याख्या, मग आकडे

माझ्या पहिल्या रिसर्च प्रपोजलमध्ये एक वाक्य होतं: ‘ज्या जातींत सिझर जास्त, त्या जातींत कुत्र्या अडण्याचं प्रमाण जास्त.’ गाईडनी खाली लाल पेनाने एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ त्या एका शब्दापायी माझे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून ही पोस्ट.

अडणं म्हणजे काय?

कुत्रीचा गर्भकाळ ओव्ह्युलेशनपासून मोजला तर साधारण ६३ दिवसांचा. पण आपल्याकडे नोंद असते ती नर दाखवल्याच्या तारखेची, आणि त्या तारखेपासून ५७ ते ७२ दिवसांत कधीही पिल्लं होऊ शकतात. म्हणजे ‘दिवस उलटून गेले’ हे वाक्यसुद्धा तुम्ही कुठून मोजता त्यावर ठरतं.

अडण्याची कारणंही एकसारखी नसतात. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते मोठ्या डोक्याचं अडकलेलं पिल्लू. पण १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या १८२ केसेसच्या अभ्यासात सुमारे ७५ टक्के कारणं आईकडची होती. जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये तर गर्भाशयाने नीट कळाच दिल्या नव्हत्या.

मग सिझर मोजलं तर?

इव्हान्स आणि अ‍ॅडम्स यांचा २०१० चा ब्रिटनमधला पेपर जरूर वाचा. १५१ जाती, २२,००५ वेतं. सिझरने झालेली वेतं बोस्टन टेरिअरमध्ये ९२.३ टक्के, बुलडॉगमध्ये ८६.१ आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये ८१.३ टक्के.

आकडे हादरवणारे आहेत. पण काही सिझर आधीच ठरवून केलेली असतात, कळांची वाटच पाहिली जात नाही. ती कुत्री अडली असती की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही. सिझर हा माणसाने घेतलेला निर्णय आहे. अडणं ही कुत्रीच्या शरीरात घडलेली गोष्ट आहे. मी दोन्ही एकाच रकान्यात टाकलं होतं.

आई पिल्लांना जवळ घेत नाही, तेव्हा

‘सिझर झालेली आई पिल्लं नाकारते’ असं ब्रीडर सांगतात. यामागे तर्क आहे. पिल्लू बाहेर येताना जननमार्ग ताणला जातो, त्यातून ऑक्सिटोसिन सुटतं. शिवाय आई पिल्लावरचं गर्भजल चाटते. १९९७ च्या एका प्रयोगात हे गर्भजल काढून टाकल्यावर आयांनी पिल्लं स्वीकारण्याचं प्रमाण घटलं होतं. सिझरमध्ये ताणही नाही, आणि बरेचदा आई शुद्धीवर यायच्या आत पिल्लं पुसून कोरडी केलेली असतात.

पण थांबा. नाकारण्याचं कारण सिझर, की भूल, की टाक्यांचं दुखणं, की पहिलंच वेत, की सतत डोकावणारी माणसं? पिल्लं खाणाऱ्या कांगल कुत्र्यांमध्ये ऑक्सिटोसिन कमी आढळलं आहे. पण एकदाच रक्त तपासून कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे कसं सांगणार?

आणि ‘चांगली आई’ तरी कोण? २०१६ च्या अभ्यासात स्वीडिश लष्कराच्या जर्मन शेफर्ड पिल्लांपैकी ज्यांना आईने जास्त जपलं, ती मोठेपणी माणसांशी जास्त मिसळणारी निघाली, आणि जास्त आक्रमकही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या गाईड डॉगच्या अभ्यासात जास्त जपलेली पिल्लं प्रशिक्षणात जास्त नापास झाली. दोन्ही अभ्यास खोटे नाहीत. त्यांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या.

प्रपोजल लिहिण्याआधी एवढं करा

१. सिझरच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘ठरवून की अडल्यामुळे’ हा रकाना ठेवा.
२. कितवं वेत आणि दिवस कधीपासून मोजले, हे लिहा.
३. ‘नाकारलं’ असं लिहू नका. किती वेळ चाटलं, किती वेळ पाजलं, किती वेळ उठून गेली, ते लिहा.

हे नुसतं पेपरपुरतं नाही. कळा न आलेल्या कुत्रीला एक उपचार लागतो, पिल्लू अडकलेल्या कुत्रीला दुसरा. पिल्लू अडकलेलं असताना ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तर गर्भाशय फाटूही शकतं. आपली व्याख्या ढिली असेल, तर टेबलावर किंमत ती कुत्री मोजते.

तुमच्या विषयातही असा एखादा शब्द असणार, सगळे वापरतात पण मोजताना प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आज तो शोधा आणि त्याच्याखाली स्वतःच लिहा, ‘कशावरून?’