होकार, नकार आणि कोरा रकाना

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडले म्हणजे मांजरी लागते. 2021 साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या या गावाचे नाव ऊसउत्पादकाला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमुळे परिचित आहे, तर नाशिक, सांगली, सोलापूरकडील द्राक्षबागायतदाराला ते राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रामुळे ठाऊक आहे. 1997 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राकडे निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशक अवशेषांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आहे. आणि संगणकाच्या पडद्यावरील एका लहानशा बटणाविषयी जे सांगावयाचे आहे, ते द्राक्षांच्या या तपासणीच्या इतिहासातून फार चांगले उमजते.

2003 साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेबाहेर आढळले, तेव्हा अवशेषांवर देखरेख ठेवण्याची रीतसर योजना अमलात आली. 2006 मध्ये शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली आणि नोंदणीकृत बागेपासून परदेशी बाजारापर्यंत प्रत्येक खेपेचा माग ठेवण्याची सोय झाली. एवढा बंदोबस्त असूनही 2010 च्या हंगामात युरोपातील प्रयोगशाळांना आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडले. वेलीची अवाजवी शाकीय वाढ रोखण्यासाठी बागायतदार जे ‘लिहोसिन’ किंवा ‘सीसीसी’ वापरीत, तेच हे रसायन. आपल्याकडे तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. म्हणून ते कोणी तपासले नाही, आणि जे तपासले नाही ते नाहीच असे गृहीत धरले गेले. युरोपची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम इतकी कडक होती, आणि त्या गृहीताची झळ अखेर बागायतदाराला सोसावी लागली.

‘नाही’ आणि ‘पाहिले नाही’ ही दोन उत्तरे निरनिराळी आहेत, हा या प्रकरणाचा बोध होय. नेमका हाच भेद दफ्तरातील संगणकावर एका बटणाच्या रचनेत पुसला जाऊ शकतो.

समजा, निर्यातीची द्राक्षे निवडून बांधणाऱ्या एखाद्या पॅकहाउसने आपल्या बागांची नोंद मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये ठेवावयाचे ठरविले. 1992 साली आलेला हा डेटाबेस एका टेबलावरच्या संगणकावर सुखाने चालतो. प्रत्येक बागेचा एक फॉर्म. त्यात बागायतदाराचे नाव, गट क्रमांक, वाण, फळछाटणीची तारीख, आणि खाली ‘अवशेष तपासणीत उत्तीर्ण’ असे लिहिलेले एक टॉगल बटण. हे बटण एकदा दाबले की आत बसते, पुन्हा दाबले की वर येते. त्याच्या ‘कंट्रोल सोर्स’ या गुणधर्मात टेबलातील ‘होय/नाही’ प्रकारच्या रकान्याचे नाव घातले की आत बसलेले बटण होकार नोंदविते व वर आलेले बटण नकार. प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नाही, आणि नवशिक्याला काम फत्ते झाल्यासारखे वाटते.

वस्तुतः अडचण येथूनच सुरू होते. अ‍ॅक्सेस होकारासाठी उणे 1 आणि नकारासाठी 0 हा आकडा साठविते. पण ‘होय/नाही’ प्रकारच्या रकान्यात कोरेपणा साठविण्याची सोयच नाही. ज्या बागेचा नमुनाही अजून काढलेला नाही, तिची नवी नोंद तयार होताच तिच्या नावावर शून्य चढते. आता कारकुनाने अनुत्तीर्ण बागांची यादी मागितली, तर ज्यांची द्राक्षे खरोखर नापास झाली आणि ज्यांचा अहवाल यावयाचा आहे, ते दोघेही एकाच रांगेत उभे राहतात. एकाची काढणी थांबविणे आवश्यक असते, दुसऱ्याचा नमुना तातडीने पाठविणे आवश्यक असते. दफ्तर मात्र दोघांविषयी एकच शेरा मारते.

यावर उपाय दोन आहेत. पहिला असा की, रकाना ‘होय/नाही’ प्रकारचा न ठेवता संख्येचा ठेवावा, त्याची मूळ किंमत शून्य असल्यास ती पुसावी, आणि बटणाचा ‘ट्रिपल स्टेट’ हा गुणधर्म चालू करावा. मग प्रत्येक दाबण्यासरशी बटण होकार, नकार आणि ‘नल’ म्हणजे कोरेपणा या तीन अवस्थांतून फिरते, व कोरे असताना फिके दिसते. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. ‘ऑप्शन ग्रूप’ नावाच्या चौकटीत ‘अहवाल प्रलंबित’, ‘उत्तीर्ण’ व ‘अनुत्तीर्ण’ अशी तीन टॉगल बटणे शेजारी मांडावीत आणि त्यांना 1, 2, 3 हे आकडे द्यावेत; चौकट त्यांपैकी एकच आकडा टेबलात नोंदविते आणि एक बटण आत गेले की दुसरे आपोआप वर येते. फिक्या बटणाचा अर्थ कोणाला विचारावा लागतो, स्पष्ट लिहिलेल्या तीन बटणांचा लागत नाही.

बटणाचा मजकूर वा रंग अवस्थेप्रमाणे बदलावयाचा असेल, तर मात्र अ‍ॅक्सेसच्या व्हीबीए या प्रोग्रॅमिंग भाषेत थोडे लेखन करावे लागते. येथे नवशिका हमखास एक गोष्ट विसरतो. बटण दाबल्यावर घडणाऱ्या ‘आफ्टर अपडेट’ या घटनेवर तो आपल्या ओळी लिहितो. परंतु एका बागेवरून दुसऱ्या बागेवर जाताना बटण कोणी दाबलेले नसते, ती घटना घडत नाही, आणि पहिल्या बागेचे ‘उत्तीर्ण’ हे शब्द दुसऱ्या बागेच्या माथी तसेच राहतात. म्हणून रंग-मजकूर ठरविणारी एकच उपपद्धती लिहून ती ‘आफ्टर अपडेट’ आणि फॉर्मच्या ‘करंट’ या दोन्ही घटनांतून बोलवावी. अनेक नोंदी एकाखाली एक दाखविणाऱ्या फॉर्मवर तर हा प्रयोग करूच नये, कारण तेथे दिसणारी सर्व बटणे म्हणजे एकाच बटणाची पुनरावृत्ती असते आणि एकाचा मजकूर बदलला की सर्वांचा बदलतो. तेथे साधी मजकूर-चौकट व सशर्त रंगयोजना हीच योग्य.

बटणावर काय लिहावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ‘काढणी थांबवा’ असे लिहिलेले बटण आत बसलेले दिसले, तर काढणी थांबलेली आहे की थांबविण्यासाठी ते दाबावयाचे आहे, याचा उलगडा होत नाही. मजकुरात आज्ञा नसावी, अवस्था असावी: ‘काढणी थांबलेली’. त्याचबरोबर बटण दाबताच तारीख व दाबणाऱ्याचे नाव वेगळ्या रकान्यांत उमटावे. आणि अहवाल उत्तीर्ण नसताना कोणी ‘काढणीस परवानगी’ दिलीच, तर फॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’ घटनेत खातरजमा करून ती नोंद रद्द करावी, म्हणजे माणसाच्या घाईला दफ्तराची आडकाठी राहील.

ऊसनोंद असो, दवाखान्याचे केसपेपर असोत वा सोसायटीचे कर्जखाते, फॉर्म रचणाऱ्याने प्रत्येक बटणापुढे थांबून विचारावे, की उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाने येथे काय दाबावयाचे? त्याला जागा नसेल, तर ते बटण उद्या एखाद्याच्या नावावर खोटा नकार लिहील. अशी जागा करून देण्यास अर्धा तास पुरतो; तो अर्धा तास अवश्य द्यावा.