गळा नवा, ठेका जुना

१९९३ साली हॅम्बुर्गच्या ‘हॅलोवीन’ या बँडची पार दैना झाली होती. ‘पॉवर मेटल’ या प्रकाराचा पाया ज्यांनी घातला त्यांचंच हे नाव. पण ‘कॅमेलिअन’ नावाच्या अल्बममध्ये त्यांनी इतके रंग बदलले की हक्काचे चाहतेही लांब गेले. गायक मिखाएल किस्केला त्याच वर्षी नारळ मिळाला. ड्रमवादकही बदलला. मग ‘पिंक क्रीम ६९’ या दुसऱ्या बँडमधून अँडी डेरिस नावाचा गायक आला आणि १९९४ मध्ये ‘मास्टर ऑफ द रिंग्स’ निघाला. बँड पुन्हा मूळच्या वाटेवर आला, तोही परक्या घरच्या गळ्यानं.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेवी मेटलची ही वेगवान, पण सुरेल शाखा. ड्रमवाला दोन्ही पायांनी ढोल बडवतो, दोन गिटार जोडीनं एकच धून वाजवतात, गायक वरच्या पट्टीत तलवारी, राक्षस आणि विजयाच्या गोष्टी सांगतो. गोष्टी बऱ्याचदा पोरकट असतात, हे मान्य. पण गाण्याचा जीव असतो ध्रुवपदात. हजारो माणसांनी एका दमात म्हणावं, म्हणूनच ते बांधलेलं असतं.

हॅलोवीनचा पहिला गायक किस्के नव्हताच. १९८५ च्या ‘वॉल्स ऑफ जेरिको’वर गिटारवाला काई हान्सेनच गात होता. गाणं आणि गिटार दोन्ही सांभाळताना ओढाताण व्हायला लागली, तेव्हा अठरा वर्षांचा किस्के सापडला आणि १९८७-८८ मध्ये ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग आले. त्या आवाजाची उंची डेरिसकडे नाही. त्याचा गळा खरबरीत. तरी चाहत्यांनी त्याला घरात घेतलं, कारण ध्रुवपद परत आलं होतं. ‘आयर्न मेडन’ या इंग्रज मेटल बँडचं मात्र तसं जमलं नाही. १९९३ मध्ये त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन गेला आणि पुढच्या वर्षी ब्लेझ बेली आला. जुनी गाणी डिकिन्सनच्या उंच गळ्याला बेतलेली, बेलीचा आवाज खालचा. गाणी खाली उतरली नाहीत आणि बेलीला वर चढता आलं नाही. १९९९ मध्ये डिकिन्सन परतला, आणि २००८ च्या १ फेब्रुवारीला त्यांच्या जगदौऱ्याची पहिली मैफल मुंबईत झाली, तेव्हा माईकसमोर तोच होता.

आता वऱ्हाडात या. इथे मेटल बँड शोधत बसण्यात अर्थ नाही. पण मुख्य गळा गेल्यावर मागे काय उरतं, याचा मोठा धडा अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला आहे.

यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, जन्म १९०९. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. हातात खंजिरी, गळ्यात भजन, एवढ्या सामानावर त्यांनी मुलूख हलवला. १९३५ मध्ये मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टीला लोक इंग्रजांविरुद्ध उठले, त्यामागे या भजनांची धग होती. सरकारनं महाराजांना धरून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तेही खंजिरी घेऊनच. ग्रामगीता त्याच काळातली, ४१ अध्यायांची. खेड्यानं स्वतःचा कारभार स्वतः कसा करावा, हे ओवीत सांगणारी.

खंजिरी जवळून पाहिली आहे का? लाकडाचं वीतभर कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि आवाज बसतो. मग वाजवणारा भजनाआधी ते शेकोटीशी शेकतो, बोटानं टिचकी मारून पाहतो, पुन्हा शेकतो. जास्त शेकलं तर फाटायची भीती, कमी शेकलं तर ठेका मार खातो. डाव्या हातानं कडं धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटांनी बोल काढायचे. दिसायला सोपं. वाजवून पाहा म्हणजे कळेल.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. एका माणसाच्या आवाजावर उभी राहिलेली चळवळ इथेच आटपायला हवी होती. पण त्यांनीच उभारलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या भजनी मंडळांत दुसऱ्या दिवशीही कुणीतरी गातच होतं. कुठे शेतकरी, कुठे शाळामास्तर, कुठे शिंपी. आज बायकांची मंडळं आहेत, पोरांची आहेत. आवाज कसाही असो, भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा येतेच. गाणारा स्वतःचं नाव त्यात घालत नाही. आणि पहिली ओळ गाणारा उचलतो, पण ती पूर्ण करतात मागचे. महाराजांची बरीचशी रचना बोलीतल्या हिंदीत आणि साध्या मराठीत आहे, चाली अशा की दुसऱ्या फेरीला अनोळखी माणूसही साथ देतो. माझ्या मते मोझरीची खरी हुशारी इथे आहे. गाणं एकाच्या गळ्याला न बेतता गावाच्या गळ्याला बेतलं, म्हणून वऱ्हाडात ब्लेझ बेलीची फजिती झाली नाही.

नवा गायक म्हणून जे एक नाव खरोखर गाजलं ते अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराज चिंचोळकरांचं. त्यांनी एकीच्या जागी सात खंजिऱ्या घेतल्या आणि त्या एकाच वेळी वाजवायला लागले. सुरुवातीला हा कसरतीचा प्रकार वाटतो. पण थोडा वेळ बसा. सातही खंजिऱ्यांचा आवाज सारखा नसतो, आणि उंच-खाली आवाजांची ती उतरंड ठेक्यात चाल पेरते. मेटलच्या ड्रमवाल्यांना मी हे एकदा ऐकवीन म्हणतो.

वाद्य वाढलं तरी सत्यपालांनी कीर्तनाचा घाट मात्र मागचाच घेतला, तोही तुकडोजींच्या आधीचा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६-१९५६) लोकांपुढे उभे राहून प्रश्न विचारायचे, समोरून उत्तर काढून घ्यायचे आणि त्याच उत्तरात माणसाला पकडायचे. देवाला बोकड का, लग्नासाठी कर्ज का, पोराला शाळा का नाही? सत्यपाल तेच अस्सल वऱ्हाडीत करतात: हुंडा, दारू, बुवाबाजी. लोक पोट धरून हसतात आणि शेजारच्याकडे बघायला कचरतात. हे सगळ्यांना रुचतं असं नाही. २०१७ मध्ये मुंबईत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. बरे होऊन ते पुन्हा खंजिऱ्यांपुढे बसले.

आता त्यांच्या शिष्यांची पिढी फिरते आहे. बरेच जण आपल्या नावापुढे ‘पाल’ लावतात, म्हणजे घराणं लगेच ओळखू येतं. सोबतीला ऑक्टोपॅड आहे, कीबोर्ड आहे, यूट्यूबवर लाखांनी बघणारे आहेत. काहींचे हात गुरूच्या तोडीचे चालतात. पण माझी एक तक्रार आहे. सात खंजिऱ्या शिकणं दिसतं, म्हणून ते आधी शिकतात. समोरच्या माणसाला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणं दिसत नाही, म्हणून ते राहून जातं. प्रश्न विचारला जातो आणि उत्तरही स्वतःच दिलं जातं. समोरच्यासाठी थांबायचं असतं, हे हॅलोवीनला १९९४ नंतर उमगलं होतं. डेरिस माईक गर्दीकडे वळवायचा आणि गप्प बसायचा. २०१६ मध्ये किस्के आणि हान्सेन परत येणार असं जाहीर झालं तेव्हा डेरिसला कुणी काढलं नाही. २०२१ च्या अल्बमवर तिघंही गातात, आणि ध्रुवपदाला कुणाचा आवाज पुढे आहे याची फिकीर निदान मला तरी वाटत नाही.

विदर्भात दर हंगामात खंजिरी भजन स्पर्धा होतात. बक्षिसं गायकाला, वादकाला आणि मंडळाला. एखाद्या गावानं मागं बसून झील धरणाऱ्यांसाठी वेगळं बक्षीस ठेवलं, तर पहिली वर्गणी माझी.