‘फोर्ट स्टिकीन’ जहाज : सोन्याची मोजदाद व माणसांची

शके १८६६, म्हणजे १४ एप्रिल १९४४ रोजीं, शुक्रवारीं, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत जो भयंकर स्फोट झाला, त्याचें मूळ असलेल्या मालवाहू जहाजाची हकीकत येथें संक्षेपानें देत आहों. शिरूर-दौंड भागांतील संग्राहकांस हा विषय परका वाटेल; तो तसा कां नाहीं, हें शेवटीं सांगूं.

महायुद्धांत शत्रूनें बुडविलेल्या व्यापारी जहाजांची तूट भरून काढण्यासाठीं जीं जहाजें घाईनें बांधलीं गेलीं, त्यांपैकींच हें एक. तें १९४२ सालीं कानडांतील प्रिन्स रुपर्ट येथें तयार झालें. फेब्रुवारी १९४४ मध्यें इंग्लंडांतील बर्कनहेड बंदर सोडून तें कराचीमार्गें १२ एप्रिलला मुंबईस पोंचलें. त्यांत सुमारें १,४०० टन स्फोटक माल व ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीस कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी चढविल्या होत्या.

कापूस व दारूगोळा एकाच खणांत रचला, हेंच अनर्थाचें बीज. दुपारीं दुसऱ्या खणांतील कापूस पेटला. विझविण्यास सोडलेलें पाणी सांचत गेलें, त्यावर जळता कापूस तरंगत वर चढला व वरील दारूगोळ्यास भिडला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला व सुमारें अर्ध्या तासानें दुसरा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही धक्का उमटला. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले.

युद्धकालीन निर्बंधांमुळें मे महिन्यापर्यंत येथील वृत्तपत्रें मुकीं होतीं. परिणामीं मृतांचा आंकडा कोणी ८०० देतो, कोणी १,३०० च्या वर नेतो. सोन्याची वीट न् वीट मोजलेली. पण हमाल व गाडीवान यांच्या गणनेंत एकवाक्यता नाहीं!

घाटावरील कित्येक घरांतील कर्ते पुरुष त्या काळीं हमालीस मुंबईस जात. त्यांचीं पत्रें, मनिऑर्डरीच्या पावत्या, हजेरीचीं कार्डें जुन्या पेट्यांत अद्याप असूं शकतील. पेशवाईंतील मोडी रुमाल आपण जिवापाड जपतों. १९४४ चें पोस्टकार्ड मात्र रद्दींत जातें. इतिहासास दोन्ही कागद सारखेच. असा कागद हातीं आल्यास गांव, घर व तारीख टिपून तो जपावा, इतकीच आमची संग्राहकांस विनंती आहे.