एक संगणक कीं संगणकांचा ताफा?

जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें तारेच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. जुन्नर-आंबेगांवकडील आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं त्या पाहिल्याच असतील. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभ्या राहिलेल्या या रेडिओ दुर्बिणीच्या एकंदर थाळ्या ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पैकीं १४ मध्यवर्ती आवारांत, बाकीच्या १६ तीन दिशांस दूरवर पसरलेल्या. परंतु या थाळ्या जें ऐकतात त्याचा हिशेब कोण करितें?

प्रत्येक थाळीचा संकेत इतर प्रत्येक थाळीच्या संकेताशीं ताडून पहावा लागतो. थाळ्या चार असत्या तर जोड्या सहाच. तें काम एका संगणकास झेपतें. ३० थाळ्यांच्या जोड्या मात्र ४३५ होतात! शिवाय आकाश कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या योजनेंत ४८ संगणक परस्परांस जोडून हें काम वांटून दिलें होतें.

वांटणी मात्र दिसते तितकी सोपी नव्हे. दर संगणकास एक थाळी नेमून दिली, तर जोड्या जुळावयाच्या कशा? तेव्हां काळाचे लहान तुकडे पाडून एकेका तुकड्यांतील सर्व थाळ्यांचे संकेत एकाच संगणकाकडे धाडणें, ही एक युक्ति. पण ही ने-आण, आमच्या मतें, गुणाकारापेक्षांही अधिक डोकेदुखीची. नवशिक्यांच्या ती गांवींही नसते.

इतर माहितीचे ढीग असेच वांटून उपसण्यासाठीं बर्कले येथील विद्यापीठांत २००९ सालीं ‘स्पार्क’ या प्रणालीचा आरंभ झाला. ती घरच्या एकट्या संगणकावरही चालते, आणि फसगत होते ती येथेंच. घरीं सारा कारभार एकाच छपराखालीं असतो; आपल्या डिस्कवरील फाईल लागलीच सांपडते. ताफ्यांतील दुसऱ्या संगणकांजवळ ती फाईल नसते. तसेंच, कार्यक्रमांत मोजणीसाठीं एखादा सामान्य आंकडा ठेविला, तर घरीं तो कधीं कधीं बरोबर येतो. ताफ्यावर मात्र प्रत्येक संगणक आपापली प्रत वाढवितो आणि मूळचें शून्य तसेंच राहतें. यासाठीं फाईल सर्वांस पोंचेल अशा सामाईक भांडारांत ठेवावी, आणि बेरजेसाठीं स्पार्कनें मुद्दाम दिलेलें साधनच वापरावें.

घरीं मूठभर माहितीवर सराव अवश्य करावा. तो स्वस्त पडतो आणि चूक लवकर सांपडते. मात्र तेवढ्यावर काम सिद्ध झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. उलट नारायणगांवच्या बाजारांतील एका हंगामाच्या टोमॅटो-क्रेटांची नोंद तपासावयाची असेल, तर एकच संगणक पुरे. तेथें ताफा जोडला तर मोजण्यापेक्षां वांटण्यांतच अधिक वेळ जाईल.