वायूच्या नळाला आतून लागणारा गंज

27 जून 2014 रोजी पहाटे आंध्र प्रदेशातील नगरम गावात 'गेल' या सरकारी कंपनीचा वायू वाहून नेणारा नळ फुटला व आग भडकली. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. नळ गंजलेला होता. कोरड्या वायूसाठी असलेल्या नळातून पाण्याचा अंश असलेला वायू जात होता आणि तो कोरडा करणारी यंत्रणा बसविलेलीच नव्हती, असे सरकारी चौकशीत निष्पन्न झाले.

आमच्या समाजातील कितीतरी तरुण आखाती देशांत तेलाच्या कामावर आहेत. काहीजण पाइप व वेल्डिंगची ठेकेदारीही करतात. म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत.

नळाला बाहेरून डांबराचा किंवा प्लास्टिकचा लेप देतात, सौम्य वीजप्रवाहही सोडतात. पण ही हिफाजत फक्त बाहेरची. जमिनीतून निघणाऱ्या वायूत पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि कधीकधी हायड्रोजन सल्फाइड असतो. वायू कोरडा असेल तर हे घटक पोलादाला फारसा त्रास देत नाहीत. पाणी आले की कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून आम्ल बनते. सोडावॉटरमध्ये असते तेच हे आम्ल. नळ जेथे खोलगट असतो तेथे पाणी व गाळ साचतो, गाळाखाली जंतू वाढतात आणि पोलादाला खड्डे पडतात. वरून मात्र काहीच दिसत नाही.

यावर उपाय चार आहेत. पहिला आणि मुख्य उपाय म्हणजे वायू नळात सोडण्यापूर्वीच कोरडा करणे. त्यासाठी पाणी शोषणारे ग्लायकॉल हे द्रव वापरतात. दुसरा, 'पिग' नावाचा डट्टा वायूच्याच दाबाने नळातून ढकलून पाणी व गाळ पुढे काढणे. चुंबकाच्या साहाय्याने नळाची जाडी तपासणारे पिगही असतात. तिसरा, गंजरोधक रसायन सोडणे. चौथा, पोलादाच्या पट्ट्या तोलून नळात ठेवणे आणि काही महिन्यांनी काढून पुन्हा तोलणे. वजनात जितकी घट, तितका गंज.

यातले एक जरी राहून गेले तर काय होते ते अमेरिकेत दिसले. 19 ऑगस्ट 2000 रोजी न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबाडजवळ 1950 साली टाकलेला 30 इंची वायूनळ फुटला. नदीकाठी मुक्कामाला आलेल्या एकाच कुटुंबातील 12 जणांचा अंत झाला. फुटलेल्या भागातून पिग जाऊ शकत नव्हता. सखल जागी पाणी साचून नळाची भिंत आतून झिजली होती.

आम्ही कापडाचे व्यापारी. पावसाळ्यात गोदामात ओल शिरली की गाठ वरून कोरी दिसते आणि आतले तागे कुजलेले निघतात. आमचे नुकसान पैशाचे असते, ते भरून निघते. नगरमच्या लोकांचा तर या धंद्यात वाटाही नव्हता. नळ फक्त त्यांच्या गावातून गेला होता. ज्यांच्या दारावरून आपला माल जातो, त्यांचा जीव आपल्याकडे अमानत असतो. तेव्हा या धंद्यातील आमच्या बांधवांनी कामावर एवढे जरूर विचारावे : वायू कोरडा केला आहे काय? पिग शेवटचा कधी फिरला? पट्टीचे वजन किती घटले? उत्तर तोंडी नको, वहीत दाखवा म्हणावे.