भाडेकऱ्यावरील कब्जेदाव्यांतील दुरुस्त्या

भाडेकऱ्यास घरांतून काढून कब्जा मिळविण्यासाठीं घरमालकानें लाविलेल्या दाव्यांचे कागद जुन्या खासगी दप्तरांतून संग्राहकांच्या हातीं येतात. घराचा ठिकाणा व वहिवाट ठरविण्यास ते उपयोगी खरे. तथापि फिर्यादींतील चूक पुढें दुरुस्त झाली कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून तींतील मजकूर प्रमाण धरूं नये.

सन १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेंत दुरुस्तीचे दोन मुख्य मार्ग आहेत. दावा चालू असतां सहाव्या ऑर्डरीच्या १७ व्या नियमान्वयें फिर्याद दुरुस्त करण्याची परवानगी मिळते. प्रतिपक्षावर अन्याय होत नसेल व खरा वाद निकालांत निघण्यास जरूर असेल, तर ती द्यावी, असें मुंबई हायकोर्टानें किसनदास रूपचंद विरुद्ध रचप्पा विठोबा या दाव्यांत १९०९ सालीं ठरविलें. सन २००२ पासून मात्र सुनावणी सुरू झाल्यावर परवानगी मागणारास, योग्य दक्षता घेऊनही ती बाब आधीं मांडतां आली नाहीं, हें दाखवावें लागतें.

परवानगी म्हणजे दुरुस्ती नव्हे. हुकुमांत मुदत नसल्यास ती १४ दिवसांत करावी लागते. कोर्टानें मुदत वाढविली नाहीं तर पुढें करितां येत नाहीं. सबब बाडांत नुसता हुकूम सांपडल्यास दुरुस्त फिर्यादही शोधावी.

दुसरा मार्ग निकालानंतरचा. कलम १५२ प्रमाणें हुकूमनाम्यांतील लेखनाची, हिशेबाची वा अनवधानाची चूक सुधारतां येते. निकालाचा आशय फिरवितां येत नाहीं.

फिर्यादीच्या दुरुस्तीनें आधीं दिलेली नोटीस मात्र दुरुस्त होत नाहीं. तथापि नोटीस केवळ दोष काढण्याच्या हेतूनें वाचूं नये, असें प्रिव्ही कौन्सिलनें हरिहर बॅनर्जी विरुद्ध रामशशी रॉय या दाव्यांत १९१८ सालीं ठरविलें.

या बारकाव्यांवर कोणाचें तरी छप्पर अवलंबून असे. कब्जा घेणारा बेलिफ हुकूमनाम्यांतील वर्णनाबरहुकूम चालतो. चतुःसीमा किंवा सर्व्हे नंबर चुकल्यास शेजाऱ्याचें घर संकटांत येतें. म्हणून नोटीस, फिर्याद, दुरुस्तीचा अर्ज, हुकूम, हुकूमनामा व कब्जापावती हे कागद एकत्र, तारीखवार ठेवावे. खोडलेलें पान निरुपयोगी समजून काढूं नये. वाद नेमका कोठें होता, हें पुष्कळदां त्या खोडीवरूनच कळतें.